साळ नदी, मडगावचं सांडपाणी आणि आपल्या तिसऱ्या



पाऊस सरला की दरवर्षी जेटीवर तोच विषय निघतो. कोण म्हणतो तिसऱ्यांना गटाराचा वास येतो. कोण म्हणतो खुबे पूर्वीसारखे मिळत नाहीत. मग बोट जातं मडगावच्या सांडपाणी प्रकल्पाकडे. एक म्हणतो, "प्रकल्पाचं पाणी सोडलं." दुसरा म्हणतो, "प्रकल्प चालूच नसणार." तिसरा म्हणतो, "प्रकल्पच नको होता." मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या रापणकाराने सरळ विचारलं, "हा प्रकल्प आत करतो तरी काय, ते कोणाला ठाऊक आहे का?" सगळे गप्प बसलो. आम्हालाही नीट सांगता आलं नाही.

म्हणून माहिती गोळा करून हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण वेळ काढून वाचा आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा. हा विषय आपल्या ताटातला आहे.

घाण कुठून येते

साळ नदी वेर्ण्याच्या बाजूला उगम पावते. नुवे, बाणावली, नावेली, चिंचोणे, असोळणा, केळशी असं करत ती मोबोर आणि बेतूलच्या मध्ये समुद्राला मिळते. वाटेत मडगाव आहे, सासष्टीतलं सगळ्यात मोठं शहर. २०११ च्या जनगणनेत फक्त मडगाव पालिका क्षेत्रातच सुमारे ८७ हजार माणसं होती. शिवाय बाजार, हॉटेलं, इस्पितळं, कॉलेजं. या सगळ्यांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी उताराने नदीकडेच येतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात गोव्याचे ११ पट्टे होते आणि त्यातला एक होता साळ नदीचा, खारेबांध ते मोबोर. म्हणजे शहरापासून थेट आपल्या मुखापर्यंत. पाण्यात "बीओडी" नावाचा आकडा ३ च्या वर गेला की तो पट्टा या यादीत येतो. हा बीओडी काय असतो ते आधी समजून घेऊया. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

मासळीचा श्वास

जिवंत चणक किंवा काळुंदर बादलीत ठेवली तर थोड्या वेळाने ती वर येऊन तोंड उघडझाप करते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपत आला की असं होतं. कोळंबीच्या तळ्यात पंखे फिरवतात तेही त्याचसाठी.

आपल्याकडच्या उष्ण हवेत गोड्या पाण्यात प्रत्येक लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. मासळी जगायला आणि वाढायला त्यातला निदान ४ मिलिग्रॅम शिल्लक हवा, असा सरकारी निकष आहे. म्हणजे खर्च करायला नदीकडे लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅमच उरतो.

सांडपाण्यात विष्ठा, अन्न, साबण, तेल असं कुजणारं द्रव्य असतं. पाण्यातले सूक्ष्म जीव ते खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. एक लिटर घाण पाणी असा किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खाईल, तो आकडा म्हणजे बीओडी. घराघरातून येणाऱ्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० च्या आसपास असतो. नदीकडे आहेत साडेतीन आणि मागणारा मागतोय दोनशे.

एका घराचा हिशोब करून बघू. शहरात माणशी १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. पाच माणसांच्या घराचं झालं ५४० लिटर. ते तसंच नदीत सोडलं तर त्याला पचवायला रोज सुमारे ३० हजार लिटर स्वच्छ पाण्याचा जास्तीचा ऑक्सिजन लागतो. एका घराला! तेच पाणी चांगल्या प्रकल्पातून जाऊन बीओडी १० वर आला, तर दीड हजार लिटर पुरतात. बीओडी ३० वर आला तरी साडेचार हजारांत भागतं. हवेतून आणि भरतीच्या पाण्यातून नवा ऑक्सिजन येतच असतो, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण तीस हजार आणि दीड हजार यांतला फरक ढोबळ नाही.

आता हे आपल्या अनुभवाशी जोडून बघा. घाण पाण्याचा त्रास भांगाच्या दिवसांत जास्त जाणवतो, उधाणाला कमी. उधाणाची भरती मोठं, ताजं पाणी आत आणते आणि ओहोटी ते बाहेर ओढून नेते. भांगाला पाणी जागच्या जागी हलतं, घाण तिथेच फिरत राहते. पहाटे मासळी वर येऊन धापा टाकते त्यालाही कारण आहे. रात्री ऊन नसल्याने पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी पहाटेच असतो.

प्रकल्पाच्या आत काय होतं

मडगावचं सांडपाणी शिरवडे येथील प्रकल्पात जातं. तिथल्या जुन्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ७५ लाख लिटर. वरच्या हिशोबाने सुमारे ७० हजार माणसांचं पाणी. नंतर तिथेच ६७ लाख लिटरचा नवा प्रकल्प उभा राहिला. आतलं काम सगळीकडे थोड्याफार फरकाने असं चालतं:

१. जाळी. पाणी आधी लोखंडी गजांच्या जाळीतून जातं, मग बारीक आसाच्या जाळीतून. प्लास्टिक, चिंध्या, डायपर, निर्माल्य इथे अडतं. मोठ्या आसाचं जाळं आधी आणि बारीक नंतर, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२. वाळूची टाकी. इथे पाण्याचा वेग कमी करतात. वाळू-खडे तळाला बसतात, नाहीतर पंप झिजतात. तेल आणि चरबी वर तरंगते, ती काढून घेतात.

३. हवेची टाकी. प्रकल्पाचं काळीज म्हणजे ही टाकी. तळातून यंत्राने हवा सोडतात. तपकिरी पाण्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव पोसलेले असतात. नदीत जे काम त्यांनी नदीचा ऑक्सिजन खाऊन केलं असतं, तेच इथे विजेवर आणलेल्या हवेवर करून घेतात. घाण खाऊन ते वाढतात. अमोनियाही बराच कमी होतो. हा अमोनिया मासळीच्या कल्ल्यांना घातक असतो, म्हणून याचं महत्त्व आपल्याला जास्त.

४. निवळणं. मग पाणी शांत ठेवतात. पोट भरलेले जीव गोळ्या-गोळ्यांनी तळाला बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. तळातला थोडा गाळ परत हवेच्या टाकीत विरजणासारखा घालतात, उरलेला वाळवतात.

५. जंतू मारणं. नितळ दिसणारं पाणी निर्जंतुक नसतं. शेवटी क्लोरिन किंवा अतिनील किरणांनी जंतू मारतात. क्लोरिन बेताचंच लागतं. जास्त झालं तर ते मासळीच्या अंड्यांना आणि पिल्लांना बाधतं.

काही ठिकाणी हवा देणं आणि निवळणं एकाच टाकीत आळीपाळीने करतात. पणजीला टोंक येथे २००५ मध्ये सुरू झालेला दिवसाला १ कोटी २५ लाख लिटरचा प्रकल्प त्याच पद्धतीचा आहे.

यात जादू काहीच नाही. नदी जे काम कित्येक किलोमीटर वाहत वाहत करते, ते इथे काही तासांत चार भिंतींत उरकतात, एवढंच. त्यामुळे "प्रकल्पच नको" म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं आहे की प्रकल्प नसेल तर तेच काम नदीच्या आणि मासळीच्या जिवावर होणार. सांडपाणी तर कुठे जात नाही.

मग प्रकल्प असून नदी घाण का

याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण आपलं भांडण बऱ्याचदा चुकीच्या जागी होतं. प्रकल्प फक्त तेच पाणी साफ करतो, जे नळातून त्याच्यापर्यंत पोचतं. जे पोचतच नाही, त्याचं तो काय करणार?

मलवाहिनी रस्त्याखालून जाते, पण घरापासून तिथपर्यंतची जोडणी घरमालकाने घ्यावी लागते. खर्च येतो, अंगण खोदावं लागतं. "आमची सेप्टिक टाकी आहे की" म्हणून लोक टाळतात. काही इमारतींचं पाणी पावसाच्या गटारात जातं आणि पावसाचं गटार सरळ नाल्याला, नाला नदीला. पणजीत टोंकचा प्रकल्प असूनही सांतिनेजच्या खाडीची दशा सगळ्यांनी पाहिली आहे. तिथेही गटारातून थेट येणारं पाणी हेच मोठं दुखणं.

नळ घालणं किती मोठं काम आहे ते एका उदाहरणातून कळेल. केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून साळ नदीसाठी नावेलीला ६१ कोटी ७४ लाखांची योजना मंजूर झाली. त्यात प्रकल्प दिवसाला ३० लाख लिटरचा, आणि त्याच्यासाठी मलवाहिन्या सुमारे ३२ किलोमीटर. टाकी बांधून फोटो काढता येतो. ३२ किलोमीटर नळ जमिनीखाली जातो आणि कोणाला दिसत नाही. पण नदीचं भलं त्या नळातच आहे.

दुसरं कारण सेप्टिक टाकी. सेप्टिक टाकी पाणी साफ करत नाही. ती जड घाण तळाला धरून ठेवते आणि वरचं पाणी बाहेर सोडते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही तर ती भरते आणि सगळंच बाहेर जातं. आपल्या किनाऱ्याच्या गावांत जमिनीखालचं पाणी वर असतं, पावसात तर हातभर खोलीवर. तिथे टाकीतलं पाणी विहिरीत आणि खाडीत झिरपायला वेळ लागत नाही. आणि गाळ उपसणारा टँकर तो गाळ नेतो कुठे, हे विचारलं पाहिजे. रात्री नाल्याच्या कडेला रिकामा केला, तर शंभर घरांची घाण एका दमात नदीत.

तिसरं कारण पाऊस. छपराचं पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं. पाऊस पडला की प्रकल्पाकडे दुप्पट-तिप्पट पाणी धावतं, पंपघर तुंबतं आणि कच्चं पाणी बाहेर येतं. पहिल्या पावसाच्या वेळी तर वर्षभर गटारात साचलेलं सगळं एकदम खाली येतं. त्या आठवड्यात नदीतल्या तिसऱ्या न खाल्लेल्या बऱ्या.

चौथं कारण वीज. हवेचं यंत्र बरेच तास बंद पडलं तर ते सूक्ष्म जीव गुदमरतात. पुन्हा पोसून पूर्ण जोमात यायला दिवस लागतात. म्हणून प्रकल्पाला चालू स्थितीतला जनरेटर आणि त्यात डिझेल असणं ही शोभेची गोष्ट नाही.

जंतू, कालवं आणि कुटबण

ऑक्सिजनपेक्षा वेगळा धोका जंतूंचा. शेवटे, तांबोसे यांना पळता येतं. घाण पाणी आलं की ते दुसरीकडे जातात, मग आपण म्हणतो मासळी गेली. पण तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवं जागच्या जागी असतात. ती पाणी गाळूनच पोट भरतात. एक कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. पाण्यात जंतू असतील तर ते मांसात साठतात आणि पाण्यापेक्षा मांसात जास्त होतात. बेतूलचे शिणाणे नावाजलेले आहेत. त्या नावावर कितीतरी बायकांची चूल चालते. एकदा "साळीचं नको" असं गिऱ्हाईक म्हणायला लागलं, तर ते नाव परत यायला वर्षं जातील.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. शिंपले-कालवांच्या समुद्री पाण्यासाठी निकष आहे की १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जंतू साधारण १०० च्या आत असावेत. सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत हीच मर्यादा १००० आहे. म्हणजे प्रकल्पाने कायदा पाळला तरी ते पाणी तिसऱ्यांना लगेच चालणारं नसतं. नदीत मिसळून ते पातळ व्हावं लागतं, आणि त्यासाठी नदीत आधीच घाण नसावी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये जंतूंची मर्यादा २३० आणि बीओडीची १० असावी असं सांगितलं, ते आपल्या दृष्टीने योग्यच आहे.

आणि कुटबण विसरू नका. २०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी जेटीवर ट्रॉलरच्या कामगारांमध्ये कॉलऱ्याची साथ आली. जीव गेले. दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली ती माणसं होती. जेटीवर शौचालयं आणि पिण्याचं पाणी अपुरं, हे तेव्हा सगळ्या गोव्याने पाहिलं. कॉलरा पसरतो तो विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. शहराच्या प्रकल्पाबद्दल आम्ही बोलतो तेव्हा लोक आम्हाला उलट विचारतात, "तुमच्या बोटींवरची माणसं कुठे जातात?" हा प्रश्न झोंबतो, पण खोटा नाही. खलाशाला शौचालय देणं ही बोटमालकाची आणि जेटी चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे. मडगावकडे एक बोट दाखवताना उरलेली आपल्याकडे वळतात.

आपण काय करायचं

घरात:
– गावात मलवाहिनी आली असेल तर जोडणी घ्या. अर्ज भरायला सोसायटीत या, आम्ही मदत करू.
– सेप्टिक टाकी तीन वर्षांतून एकदा तरी उपसा. टँकर गाळ कुठे नेतो ते विचारा आणि पावती घ्या.
– तळणाचं तेल, मासळीची आतडी, डायपर मोरीत टाकू नका. तेल नळात गोठतं आणि चेंबर तुंबतो.
– छपराचं पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडू नका.

बोटीवर आणि जेटीवर:
– इंजिनाखालचं तेलकट पाणी खाडीत उपसू नका. जुनं ऑइल डब्यात भरून परत आणा.
– खलाशांना प्यायला आणि स्वयंपाकाला स्वच्छ पाणी द्या, साबण द्या. जुलाब-उलट्या झालेल्याला बोटीवर ठेवू नका, लगेच आरोग्य केंद्रात न्या.

शिंपले काढणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी:
– नाल्याच्या तोंडाशी आणि पहिल्या पावसाच्या दिवसांत काढू नका.
– गिऱ्हाइकाला सांगा, तोंडं उघडली म्हणून लगेच उतरवू नका, आणखी काही मिनिटं चांगल्या उकळू द्या. ज्यांची तोंडं उघडत नाहीत त्या टाकून द्या.

आणि अधिकाऱ्यांना भेटाल तेव्हा नुसतं "नदी घाण झाली" म्हणू नका. त्याला उत्तर मिळतं "बघतो". चार नेमके प्रश्न विचारा:
१. प्रकल्पाची क्षमता किती आणि रोज प्रत्यक्षात किती पाणी येतं?
२. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी आणि जंतूंचा आकडा मागच्या महिन्यात किती होता?
३. मलवाहिनीच्या वाटेवर किती घरं आहेत आणि जोडलेली किती?
४. वीज गेली तर हवेची यंत्रं किती वेळ चालतील?

क्षमता ७५ लाखांची आणि येणारं पाणी त्याच्या निम्मं, असं निघालं तर समजा दुखणं प्रकल्पात नाही, जोडण्यांत आहे. पाणी पूर्ण येतंय पण बीओडी चढा, तर दुखणं प्रकल्पात आहे. कोणाशी भांडायचं ते या आकड्यांवरून ठरतं. हे आकडे माहिती अधिकारात मागता येतात. नदीच्या पाण्याची तपासणी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं, ते अहवालही बघता येतात.

नदीत काळं पाणी, फेस, मेलेली मासळी दिसली तर फोटो काढा आणि सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: जागा, वेळ, आणि भरती की ओहोटी. ओहोटीला दिसलं तर घाण वरून आली, भरतीला दिसलं तर खालूनही आली असेल. ही नोंद आपल्याइतकी चांगली कोणी ठेवू शकत नाही, कारण पहाटे चारला नदीवर आपणच असतो. फोटो आणि नोंद सोसायटीकडे आणून द्या. आम्ही तारखेप्रमाणे वही घातली आहे. पुढच्या वेळी खात्याकडे जाताना तोंडी तक्रारीऐवजी ती वही नेऊ.

त्या रापणकाराला आता आमचं उत्तर तयार आहे. प्रकल्प नदीच्या वाटणीचं काम करतो, पण जेवढं पाणी त्याला मिळतं तेवढ्याचंच. बाकीचं अजून नदीच करते आहे, आपल्या तिसऱ्यांच्या जिवावर.